पांढरी पाचमधली घूं

घरात सबवूफर आणला की पहिले चार दिवस त्याचा आवाज ऐकू येतो, आणि मग घराचा यायला लागतो. दुकानदार हे सांगत नाही. तो वॅट सांगतो, इंच सांगतो आणि "साहेब, सोफा हलेल" असं वचन देतो. सोफा हलतो, त्यात खोटं काही नाही. पण सोफ्याच्या आधी काय काय हलेल, कोण कोण येऊन बोलून जाईल आणि भिंतीतलं कोणतं जुनं पाप बाहेर पडेल, याची यादी वॉरंटी कार्डाच्या मागे छापलेली नसते.

ज्यांच्याकडे हे खोकं अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ५.१ मधले पाच म्हणजे पुढे, बाजूला आणि मागे लावायचे स्पीकर, आणि दशांशानंतरचा एक म्हणजे हा. त्याला सबंध एक धरत नाहीत, कारण त्याच्याकडे फक्त तळमजला असतो: २० ते १२० हर्ट्झच्या आसपासचा. स्फोट, गडगडाट, ढोल, डायनोसॉरचं पाऊल, एवढीच खाती. संवाद त्याच्याकडे नाहीत, गाण्याचे शब्द नाहीत. काम नसेल तेव्हा त्यानं गप्प बसावं, एवढी माफक अपेक्षा असते, आणि नेमकं तिथेच बिनसतं. चित्रपट संपतो, टीव्ही बंद होतो, दिवे मालवले जातात, आणि कोपऱ्यातून येते ती घूं.

ही घूं आधी कुणाला ऐकू येते याचा एक नियम आहे. ज्यानं पैसे मोजले त्याला ती कधीच पहिल्यांदा ऐकू येत नाही. आमच्याकडे ती हिला ऐकू आली. "अहो, फ्रीज का असा करतोय?" फ्रीज बंद केला, घूं चालूच. पंखा बंद केला, तेव्हा थोडा फरक पडला. जुना पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे विटेएवढा काळा डबा, तो नुसता तापायचा. त्यानंतर आलेला स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापून उरलेला पंख्याला देतो, आणि दोन नंबरवर पंखाच गुणगुणायला लागतो. म्हणजे घरात घूं दोन होत्या, एक छताला आणि एक जमिनीवर. छताची बंद केल्यावर जमिनीवरची जास्तच स्पष्ट झाली.

आईनं निदान केलं, "भुंगा शिरलाय आत."

मुलानं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "ग्राउंड लूप."

यावर सगळे गप्प झाले. ग्राउंड लूप कुणीच पाहिलेला नव्हता. भुंगा सगळ्यांनी पाहिलेला होता. तेव्हा बहुमतानं आधी भुंगा शोधायचं ठरलं.

सबवूफरला पुढे किंवा मागे एक गोल भोक असतं. त्याला पोर्ट म्हणतात, आणि हवा आतबाहेर व्हावी म्हणून ते ठेवलेलं असतं. घरातल्या लहान मुलांना तो आपल्यासाठी केलेला कोनाडा वाटतो. टॉर्च मारून पाहिलं तर भुंगा नव्हता, कॅरमची राणी होती. ही राणी दिवाळीपासून बेपत्ता होती आणि तिच्या गादीवर आम्ही शर्टाचं लाल बटण बसवलं होतं. राणी बाहेर आल्यावर स्फोटांच्या वेळची टर्रर्र थांबली. घूं थांबली नाही.

या घूंचं खरं शास्त्र मला कळलं ते समोरच्या फ्लॅटमधल्या गाण्याच्या बाईंकडून. त्या विरजण मागायला आल्या होत्या. दारातच थबकल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पांढरी पाच. पण किंचित चढी आहे."

मला वाटलं थट्टा करतायत. बाई थट्टा करत नाहीत. त्यांनी घरून पेटी आणली, पांढरी पाच दाबली, आणि खरोखरच पेटीचं आणि खोक्याचं जमलं, थोड्या कुरबुरीसह. मग मी हिशेब केला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होते. पांढरी पाच पार तळाच्या सप्तकात नेली की भरते ४९ हर्ट्झ. म्हणजे आपली वीज पांढरी पाचच्या जेमतेम एक कंपन वर. ग्रिड सांभाळणारे ती ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायची धडपड करत असतात, तेव्हा किंचित चढी ती कायमची चढीच. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच षड्ज. एवढ्या मोठ्या देशाचं इतक्या बारकाईनं एकमत दुसऱ्या कुठल्या बाबतीत झाल्याचं मला आठवत नाही.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "यात पंचमही आहे," त्या म्हणाल्या. "आणि नीट कान द्या, गंधार लागतोय." तेही खरं निघालं. घूं नुसती ५० ची क्वचित असते. तिच्या मागोमाग १००, १५०, २००, २५० असे पट येतात. षड्जाची तिप्पट केली की वरच्या सप्तकातला पंचम होतो, पाचपट केली की त्याच्याही वरचा गंधार. तानपुरा चांगला जुळला की न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि तो यावा म्हणून गवयी मैफलीआधी खुंट्या पिळत आणि मणी सरकवत बसतो. आमच्याकडे तो वायरिंगच्या कृपेनं चोवीस तास फुकट येत होता. बाईंनी तिथल्या तिथे यमनचा आलाप सुरू केला. गंधार लांबतोय असं पाहून ही म्हणाली, "विरजण नेताय ना?"

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याच्याही सबवूफरला घूं आहे, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची. हिशेब केला तर ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध येते, ना इकडे ना तिकडे. पेटीवर तो स्वरच नाही. बाईंना हे सांगितलं तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "तरीच तिकडून आलेल्या मुलांचा षड्ज लागत नाही."

संगीत बाजूला ठेवून सांगायचं तर घूं कुठून येते हे पाहायची पहिली कसोटी अगदी फुकटची आहे. रिसीव्हरकडून आलेली सिग्नलची वायर सबवूफरच्या मागून काढायची आणि विजेची तशीच ठेवायची. घूं तरीही चालू राहिली तर दोष खोक्याच्या पोटात आहे. त्याच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर थकले की जी घूं येते ती बहुधा १०० ची असते, आणि तिला दुरुस्तीवालाच लागतो. वायर काढल्याबरोबर शांत झालं तर खोकं निर्दोष. आमचं खोकं निर्दोष सुटलं आणि संशय घरावर आला.

याच तपासात मुलानं एक नवी गोष्ट दाखवली. वायर सबवूफरला तशीच ठेवून तिचं दुसरं टोक रिसीव्हरमधून काढलं, आवाज अगदी कमी केला आणि मधल्या पिनला बोट लावलं की खोकं घर्र करून ओरडतं. भिंतीतल्या वायरींमधली ५० हर्ट्झ आपलं अंग हवेतून पकडत असतं आणि बोटातून ती पुढे जाते. म्हणजे आपण सगळे अहोरात्र पांढरी पाचमध्येच असतो, फक्त ॲम्प्लिफायर जोडलेला नसतो. हे कळल्यावर घरातल्या प्रत्येकानं बोट लावून पाहिलं. आईच्या बोटाचा आवाज सर्वांत मोठा आला. त्यावर कुणीही काही बोललं नाही.

मग वायरमन आला. हॉलच्या मधोमध उभा राहिला, कमरेवर हात ठेवले, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "कुठंय आवाज?"

आणि खरं म्हणजे तिथे आवाज नव्हताच. आमचा हॉल बारा फूट रुंद. एवढ्या अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर अडकून पडतो. भिंतींपाशी तो फुगतो आणि बरोबर मध्ये नाहीसा होतो. ५० ची घूं त्याची सख्खी शेजारीण, तिचंही तसंच. आपल्या घरांत सोफा भिंतीला टेकूनच असतो, त्यामुळे घरमालकाला ती पुरेपूर मिळते. आणि वायरमन, पाहुणे, कुरिअरवाले, म्हणजे ज्यांना साक्षीला बोलवावं ती सगळी माणसं, उभी राहतात खोलीच्या मध्यावर. "काही नाही साहेब, मनाचा खेळ असतो," असं म्हणून तो निघणार, एवढ्यात ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बसा ना भाऊ." तो सोफ्यावर टेकला, कप तोंडाशी नेला आणि तसाच थांबला.

"आयला," तो म्हणाला. मला बरं वाटलं.

त्यानं टेस्टर काढला. फेजच्या भोकात पेटला, तिथे पेटायलाच हवा. अर्थिंगच्या भोकातही मिणमिणला, तिथे पेटायला नको. "अर्थिंग येत नाही साहेब." येत नाही म्हणजे जातं कुठं, हे विचारायच्या आत त्यानं पकड काढली. "एक काम करतो. खोक्याच्या प्लगची ही वरची पिन मोडतो. आवाज शंभर टक्के जाईल."

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण हा माणूस खोटं बोलत नव्हता. बऱ्याचदा पिन मोडली की घूं जाते. म्हणूनच हा सल्ला इतका चालतो आणि म्हणूनच तो वाईट आहे. थ्री पिनमधली ती जाड पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब केलेली असते, म्हणजे प्लग घालताना ती आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते. आत एखादी फेजची वायर सुटून धातूच्या अंगाला लागली तर वीज त्या पिनेतून जमिनीत जाते, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते, आणि आपण नुसते वैतागतो. पिन नसेल तर वीज वाट पाहत बसते. मग धूळ पुसायला कुणीतरी ओलं फडकं घेऊन येतं. वायरमनांकडे याहून एक पाऊल पुढचा उपाय असतो: सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थिंगला एक तुकडा मारून द्यायचा. टेस्टर गप्प, गिऱ्हाईक खूश. पुढे कधी मागची न्यूट्रल तुटली की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक धातूच्या वस्तूत करंट उतरतो. आमच्याकडे हे दोन्ही टळलं, कारण हिनं त्याच्या हातातली पकड शांतपणे काढून घेतली आणि चहा झाल्यावर परत केली.

मग अर्थिंगचा माग काढत आम्ही खाली गेलो. सोसायटीचं अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली धातूची प्लेट आणि तिच्याभोवती मीठ-कोळशाचे थर. मीठ आणि कोळसा ओल धरून ठेवतात, आणि ओल असली की वीज जमिनीत सुखानं शिरते. उन्हाळ्यात खड्डा सुकला की तिला वाट सापडेनाशी होते. म्हणून त्यात वरचेवर पाणी घालायचं असतं. हे सोसायटीत सगळ्यांना मान्य होतं. खड्डा कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. वॉचमन म्हणाला पंपाच्या खोलीमागे. सेक्रेटरी म्हणाले जिन्याखाली. शेवटी तो पेव्हर ब्लॉकच्या खाली आणि सेक्रेटरींच्या मोटारीच्या डाव्या मागच्या चाकाखाली निघाला. पार्किंग हा आमच्याकडे विजेपेक्षा नाजूक विषय असल्यामुळे मोटार हलवायला एक बैठक घ्यावी लागली. मोटार हलली, खड्ड्याला पाणी मिळालं, गंजलेला जोड बदलला आणि टेस्टर मिणमिणायचा थांबला. सेट-टॉप बॉक्सला हात लावला की ज्या झिणझिण्या यायच्या, आणि ज्यांना आई इतके दिवस आपला संधिवात समजत होती, त्याही थांबल्या.

घूं मात्र होती तशीच. खरं सांगायचं तर जास्त शुद्ध झाली होती.

तेव्हा मुलानं पुन्हा एकदा मान वर न काढता सांगितलं, "ग्राउंड लूप." या वेळी त्याला बसवून विचारलं. तो म्हणाला, एकेक वायर काढत जा, जिच्याबरोबर आवाज जाईल ती चोर. गेम काढला, काही नाही. सीडी प्लेअर काढला, काही नाही. सेट-टॉप बॉक्सची केबलची वायर काढली आणि घरात अशी शांतता झाली की स्वयंपाकघरातला नळ गळतो हे कळलं.

कारण समजल्यावर मला तरी ते फार आपलं वाटलं. आमचा सबवूफर जमिनीला लागतो तो खाली, सेक्रेटरींच्या चाकाखाली. केबलची वायर गच्चीवरच्या डब्यातून येते आणि तिचं अर्थिंग वेगळ्याच ठिकाणी. दोन्ही जमिनीच, पण दोन्हींची पातळी अगदी सारखी कधीच नसते. थोडासा फरक असतो. मग वायरवरच्या जाळीतून, सिग्नलच्या वायरीतून, सबवूफरच्या पिनेतून एक चक्र पूर्ण होतं आणि त्यातून ५० हर्ट्झची बारीकशी वीज फिरत राहते. ती इतकी थोडी असते की बल्ब सोडा, मुंगीलाही जाणवणार नाही. पण सबवूफरचं काम येईल तो खर्ज कित्येक पट करून देण्याचं आहे. हा डायनोसॉर आहे की गच्चीवरचा डबा, याची चौकशी तो करत नाही. जमीन एकच, पण ती दोघांच्या नावावर लागली की गुणगुण सुरू होते. ज्यांच्या गावी सामायिक सातबारा आहे त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

यावर उपाय पिन मोडण्याइतकेच सोपे आहेत आणि जीव घेत नाहीत. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावा, म्हणजे निदान घरातल्या घरात दोन जमिनी होणार नाहीत. केबलच्या वायरीत छोटा आयसोलेटर बसवा, तो सिग्नल सोडतो आणि जाळीतली वीज अडवतो. ते जमलं नाही तर सिग्नलच्या वायरीत ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर मिळतो, पण फार स्वस्तातला घेऊ नका. तो घूंबरोबर तळाचा खर्जही खातो, आणि मग सबवूफर कशासाठी आणला हा प्रश्न घरात नव्यानं उभा राहतो. सिग्नलची वायर आणि विजेची वायर एकमेकींना चिकटून नेऊ नका. ओलांडायच्याच असल्या तर काटकोनात ओलांडा. आणि सबवूफरच्या मागचं गेनचं बटण पूर्ण पिळून रिसीव्हरवर आवाज कमी ठेवायची सवय असेल तर ती उलटी करा. केबलवाल्यालाही बोलावलं होतं. "आमच्याकडून क्लिअर आहे," असं त्यानं दारातूनच सांगितलं. सोफ्यावर बसायला तो काही तयार झाला नाही.

घूं गेली. आता निवांत चित्रपट पाहू म्हटलं, तर तिच्या आड इतके दिवस लपलेली बाकीची मंडळी पुढे आली. हा खडखडाट सबवूफरचा नसतो, घरातल्या सामानाचा असतो. तो शोधायची रीत अशी: फोनवरून २० पासून १२० पर्यंत हळूहळू चढत जाणारा स्वर लावायचा आणि घरातल्या माणसांनी खोल्या वाटून घेऊन कान टवकारून उभं राहायचं. तिसाच्या पुढे शोकेसची काच बोलली. चाळिशीत खिडकीची सरकती काच, मग माळ्यावरचं गणपतीचं मखर, मग भिंतीवरचे आजोबा. आजोबांच्या फ्रेममागे पुठ्ठ्याची घडी घातल्यावर ते स्थिर झाले. हयातीत त्यांना असं गप्प करणं कुणाला जमलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या मांडणीतल्या स्टीलच्या ताटल्यांनी पन्नाशीला एकदम कोरस धरला. त्याच्या किंचित वर देवघरातली घंटा आपोआप किणकिणली आणि आईनं हात जोडले. त्यानंतर तो स्वर पुन्हा लावायला तिनं मनाई केली आहे. घंटा कशामुळे वाजली हे तिला समजलेलं नाही असं नाही. पण कुणी का वाजवेना, वाजली तर नमस्कार करावा लागतो, आणि गुडघे दुखतात, असं तिचं म्हणणं.

एवढं करूनही एका जागी आवाज नुसता घुमायचा आणि दुसऱ्या जागी बेपत्ता. हे त्या अडकलेल्या स्वरांमुळेच. यावर ध्वनीच्या जाणकारांनी शोधलेला उपाय इतका चमत्कारिक आहे की तो खरा असेल यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवायचा. त्याला खर्जाचं गाणं लावून द्यायचं. आणि आपण खोलीभर भिंतीकडेनं रांगत, कान जमिनीपाशी ठेवून ऐकत जायचं. जिथे आवाज भरीव आणि सारखा लागेल ती सबवूफरची जागा. ध्वनी इकडून तिकडे जातो तसाच तिकडून इकडे येतो, म्हणून जागांची अदलाबदल चालते. शास्त्र पक्कं आहे. फक्त ते एकटं असताना करावं. मी टीपॉयला वळसा घालून शोकेसखाली कान लावला होता तेव्हा कामाच्या मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सोफ्यावर विराजमान झालेल्या खोक्याकडे पाहिलं आणि आत जाऊन हिला हळूच विचारलं, "वहिनी, साहेबांना कुणाला दाखवलं का?"

रांगून सापडलेली सर्वोत्तम जागा नेमकी हिच्या शिलाई मशीनची होती. यावर चर्चा झाली नाही. सबवूफर दुसऱ्या क्रमांकाच्या जागी आहे.

राहता राहिल्या वरच्या मजल्यावरच्या आजी. त्या एका रात्री काठी टेकत खाली आल्या तेव्हा आम्ही एक युद्धपट पाहत होतो. "आवाजाचं काही नाही रे," त्या म्हणाल्या, "आवाज येतच नाही मला. पलंग थरथरतो. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी कराडला होते. अशीच आधी जमिनीतून घूं आली होती, मग भांडी पडली." ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट ज्यांनी अनुभवली त्यांच्यासमोर आपला दहा इंची खर्ज मिरवायचा नसतो. मी टीव्ही बंद केला. खोकं थेट फरशीवर असलं की त्याची थरथर स्लॅबमध्ये उतरते आणि खांबांतून वरखाली जाते, हे त्याच रात्री वाचलं. आता त्याच्याखाली जाड रबराची चटई आहे.

आजींना खूश करायला मी त्यांना हॉलिवूडची गोष्ट सांगितली. १९७४ साली 'अर्थक्वेक' नावाचा चित्रपट आला. भूकंप प्रेक्षकांच्या अंगाला जाणवावा म्हणून थिएटरांत राक्षसी स्पीकर बसवून तळाचा खर्ज सोडला होता. त्या सोयीचं नाव सेन्सराउंड. लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरात त्या हादऱ्यानं छताचा गिलावा सुटेल म्हणून प्रेक्षकांच्या डोक्यावर जाळी बांधली होती. शेजारच्या पडद्यांवर 'गॉडफादर'चा दुसरा भाग पाहणाऱ्यांनी मधूनच येणाऱ्या गडगडाटाबद्दल तक्रारी केल्या म्हणतात. त्या वर्षीचं ध्वनीचं ऑस्कर 'अर्थक्वेक'ला मिळालं.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. "मग तूही तुझ्या छताला जाळी बांध," त्या म्हणाल्या. "माझी फरशी आहे ती."

प्रकरण सोसायटीच्या सभेत गेलं. सेक्रेटरींनी फोनवर नियम काढून वाचले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. ऐकायला हे फार कडक वाटतं. पण हे डेसिबल 'ए' मापाचे आहेत, आणि ते माप माणसाच्या कानाच्या सवयींवरून ठरवलेलं आहे. हळू आवाजातला खर्ज कानाला फारसा ऐकू येत नाही, म्हणून मीटरही त्यात सूट देतो. ५० हर्ट्झला ही सूट ३० डेसिबल आहे. म्हणजे खरोखरीची ७५ डेसिबलची घूं मीटरवर ४५ भरते आणि रात्री दोन वाजताही नियमात बसते. हे मी सभेत सांगायला उभा राहिलो होतो, पण हिनं सदऱ्याला धरून खाली बसवलं. बाईंनी मात्र सभेच्या शेवटी सूचना मांडली की रात्री दहानंतर कुणालाही घूं चालवायची असेल तर ती निदान सुरात असावी. सूचना मंजूर झाली, इतिवृत्तातही आहे.

तेव्हा तुम्हाला सबवूफर घ्यायचा असेल तर जरूर घ्या. फक्त तो घरी यायच्या आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, सोसायटीचा खड्डा कुणाच्या मोटारीखाली आहे ते शोधा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला कुणाला तरी सांगून ठेवा. वरच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर रबराची चटई त्याच बिलात घ्या. वायरमन आला की त्याला सोफ्यावर बसवा आणि चहा द्या. पिन मोडू म्हणाला तर दुसरा कप द्या, पण पकड देऊ नका.